लेखणी आणि माइक: प्रोग्रॅमरांच्या ब्लॉग-पॉडकास्टचा इतिहास

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या माणसाने आपल्या कामातले शहाणपण इतरांपर्यंत लिहून पोचवावे की बोलून, हा प्रश्न तसा अलीकडचा. १९९० च्या दशकापर्यंत तो कुणाला पडण्याचे कारण नव्हते. संगणकांना जोडणाऱ्या तारांमधून अक्षरे स्वस्तात जात, आवाज पाठवणे परवडत नसे. त्यामुळे या धंद्यातली चर्चा पहिल्यापासून कागदावर आणि पडद्यावरच होत आली. एप्रिल १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने अर्पानेटवरील संगणकांच्या आपसांतील व्यवहाराविषयीचे पहिले टिपण लिहिले. ज्यांच्याकडे तो उतरला होता त्यांची झोपमोड नको म्हणून तो रात्री न्हाणीघरात बसून लिहीत असे. आपण पडलो विद्यार्थी, वरचे कुणी दुखावायला नको, म्हणून या टिपणांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ असे नरम नाव मिळाले. सुरुवातीला ती टाइप करून टपालाने जात. इंटरनेटचे नियम आजही याच मालिकेत प्रसिद्ध होतात आणि तिचा क्रमांक ९००० च्या पुढे गेला आहे.

याच काळात युरोपात एड्सगर डाइक्स्ट्रा हा डच संगणकशास्त्रज्ञ आपली टिपणे फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात लिहून त्यांच्या छायाप्रती ओळखीच्यांना पाठवत असे. प्रत्येक टिपणावर त्याच्या नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक असे. ज्याला प्रत मिळे तो पुढे आणखी चौघांना प्रती काढून देई. २००२ मध्ये त्याचे निधन झाले तेव्हा हा क्रमांक १३०० च्या वर गेला होता. मोजक्या लोकांना उद्देशून, पण कुणीही वाचावे अशा बेताने, ठरावीक सदरासारखे लिहिण्याची ही रीत पुढे वेबवर सर्रास झाली. डाइक्स्ट्राला ब्लॉगलेखकांचा पूर्वज म्हणण्याची प्रथा आहे आणि ती रास्तच आहे. मात्र त्याला वाचकसंख्येची फिकीर नव्हती. त्याच्या वारसांना ती पुरेपूर होती.

आवाजाने कोड पाठवण्याचे प्रयोग झाले नाहीत असे नाही. १९८० च्या आसपास नेदरलँड्समधील एनओएस या प्रसारण संस्थेच्या ‘हॉबीस्कूप’ कार्यक्रमातून बेसिक भाषेतले प्रोग्रॅम रेडिओवरून प्रसारित केले जात. श्रोते ती किरकिर कॅसेटवर टेप करत आणि घरच्या संगणकाला ऐकवत. प्रोग्रॅम यंत्रात उतरे, माणसाला मात्र त्यातले अवाक्षर कळत नसे. कोड कानाने समजत नाही, तो डोळ्यांनीच वाचावा लागतो, हे तेव्हाच दिसून आले होते. नियतकालिकांत छापलेले प्रोग्रॅम हाताने टाइप करणाऱ्या पिढीला तर एक स्वल्पविराम चुकला की सगळी संध्याकाळ कशी वाया जाते हे पक्के ठाऊक होते.

ब्लॉगच्या आधीच्या लेखनातला सर्वांत जिवंत नमुना जॉन कारमॅकचा. ‘डूम’ आणि ‘क्वेक’ या खेळांचा हा प्रोग्रॅमर १९९६ पासून आपल्या ‘डॉट प्लॅन’ फाइलमध्ये रोजच्या कामाची नोंद ठेवू लागला. युनिक्सच्या ‘फिंगर’ या आज्ञेने कुणाचीही अशी फाइल दुरून वाचता येई. झालेल्या कामापुढे तो ताऱ्याची खूण घाले, राहून गेलेला दोष नंतर दुरुस्त झाला की अधिकचिन्ह, आणि विचारांती सोडून दिला की वजाचिन्ह. ही नोंद वाचून जगभरचे खेळाडू आणि होतकरू प्रोग्रॅमर ‘क्वेक’ घडताना पाहत होते. काम चालू असतानाच ते उघड्यावर मांडण्याची ही सवय सॉफ्टवेअरच्या ब्लॉगलेखनात कायम राहिली.

ब्लॉगची अवजारे प्रोग्रॅमरांनीच घडवली आणि बऱ्याचदा स्वतःच्या सोयीसाठी घडवली. डेव्ह वायनरने १९९७ मध्ये ‘स्क्रिप्टिंग न्यूज’ सुरू केले. १९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकचे ‘लाइव्हजर्नल’ आणि पायरा लॅब्जचे ‘ब्लॉगर’ आले. २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी एका बंद पडत चाललेल्या प्रोग्रॅमचा कोड घेऊन ‘वर्डप्रेस’ काढले. लाइव्हजर्नलवरचा भार पेलवेना म्हणून फिट्झपॅट्रिकने लिहिलेला ‘मेमकॅश्ड’ हा प्रोग्रॅम पुढे मोठमोठ्या साइट्सच्या पायाशी गेला. डायरी चालवण्याच्या धडपडीतून धंद्याला असे अवजार मिळावे, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा घडले आहे.

लेखनाच्या बाजूने सर्वांत ठळक कारकीर्द जोएल स्पोल्स्कीची. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्सेलच्या चमूत काम केलेल्या स्पोल्स्कीने २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये फॉग क्रीक ही छोटी कंपनी काढली आणि त्याच वर्षी ‘जोएल ऑन सॉफ्टवेअर’ लिहायला घेतले. तेही वायनरच्या कंपनीच्या मोफत सेवेवर. एप्रिल २००० मध्ये त्याने नेटस्केपचे उदाहरण घेऊन बजावले की चालता कोड मोडीत काढून कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहिणे हा कंपनीच्या मुळावर येणारा निर्णय आहे. ऑगस्टमध्ये त्याने बारा प्रश्नांची ‘जोएल टेस्ट’ मांडली. तुम्ही सोर्स कंट्रोल वापरता का, एका पायरीत बिल्ड होतो का, दोषांची नोंदवही आहे का, अशा साध्या हो-नाही प्रश्नांवरून एखाद्या चमूची पत ठरवायची. नोकरीच्या मुलाखतीत उमेदवारच मालकाला हे बारा प्रश्न विचारू लागले. २००३ मध्ये त्याने युनिकोडबद्दल प्रत्येक प्रोग्रॅमरला किमान काय माहीत हवे यावर लिहिलेला लेख आजही नव्या माणसाच्या हाती दिला जातो. त्याच्या कंपनीला जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागला नाही, कारण वाचकच गिऱ्हाईक झाले.

मायक्रोसॉफ्टमध्येच रेमंड चेनने जुलै २००३ मध्ये ‘द ओल्ड न्यू थिंग’ सुरू केले. विंडोजमधली एखादी विचित्र वाटणारी गोष्ट तशीच का ठेवली गेली, तिच्यामागे कोणता जुना प्रोग्रॅम आणि कोणती तडजोड आहे, हे तो कामाच्या दिवसागणिक एकेका टिपणातून सांगत आला. अशा लेखनाची ताकद तीन गोष्टींत होती. त्यातला कोड उचलून चालवून पाहता येई. शोधयंत्र पाच वर्षांनंतरही नेमके तेच वाक्य समोर आणून ठेवी. आणि चूक निघाली तर मजकूर जागच्या जागी सुधारता येई.

आवाजाच्या बाजूचा इतिहास वाटतो त्याहून जुना आहे. १९९३ मध्ये कार्ल मालामुदने ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ काढला आणि त्यावर ‘गीक ऑफ द वीक’ या कार्यक्रमात इंटरनेट घडवणाऱ्या अभियंत्यांच्या मुलाखती सुरू केल्या. प्रकाशक ओरायली आणि संगणक बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स यांनी त्याचा खर्च उचलला होता. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाची फाइल साधारण १५ एमबीची होई. त्या वेळच्या १४.४ किलोबिटच्या मोडेमवर ती उतरवायला दोन तासांहून अधिक वेळ लागला असता. म्हणजे ऐकण्याच्या चौपटीने वाट पाहायची. कार्यक्रम होता, पाहुणे होते, प्रायोजकही होते, नव्हता तो घरापर्यंत पोचणारा जाडजूड पाइप. ज्यांच्या विद्यापीठात किंवा कचेरीत वेगवान जोडणी होती त्यांनीच तो ऐकला.

ही अडचण ज्या युक्तीने सुटली तिचे श्रेय पुन्हा वायनरकडे आणि त्याच्याबरोबर अ‍ॅडम करीकडे जाते. करी हा एमटीव्हीवरचा एके काळचा निवेदक. त्याचे म्हणणे असे की माणसाने क्लिक करून खोळंबून बसण्यापेक्षा संगणकानेच रात्री, कुणी वापरत नसताना, फाइल उतरवून ठेवावी. ब्लॉगवरचा नवा मजकूर वाचकाकडे आपोआप पोचवणाऱ्या आरएसएस या पद्धतीत वायनरने डिसेंबर २००० मध्ये ध्वनीच्या फाइलचा पत्ता जोडण्याची सोय केली. बदल एका ओळीचा होता. ब्लॉग आणि पॉडकास्ट ही दोन वेगळी घराणी म्हणून नेहमी मांडली जातात, पण तांत्रिकदृष्ट्या पॉडकास्ट हा ब्लॉगच्याच नळातून वाहणारा आवाज आहे. २००४ मध्ये करीने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहून उतरलेल्या फाइल आयपॉडवर चढवण्याची व्यवस्था केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने ‘डेली सोर्स कोड’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याच्यापेक्षा तरबेज प्रोग्रॅमरांनी हे अवजार हाती घेऊन सुधारावे, असा त्याचा उघड हेतू होता आणि तसे झालेही. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये सुमारे ३,००० कार्यक्रमांची यादी घातली आणि दोन दिवसांत दहा लाख नोंदण्या झाल्या.

सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र इतकी वाट पाहिली नव्हती. कार्ल फ्रँकलिनचा ‘डॉटनेट रॉक्स’ २००२ पासूनच चालू होता. ऑगस्ट २००५ मध्ये स्टीव्ह गिब्सन आणि लिओ लापोर्ट यांचा ‘सिक्युरिटी नाऊ’ आला. २००६ मध्ये स्कॉट हॅन्सलमनने आपल्या ब्लॉगच्या जोडीला ‘हॅन्सलमिनिट्स’ काढला आणि जर्मनीतून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग रेडिओ’ सुरू झाला. तो २०१२ पासून ‘आयईईई सॉफ्टवेअर’ या नियतकालिकाच्या छत्राखाली आहे. विषय पाहिले की निवड कशी झाली ते कळते. रचनेची तत्त्वे, चमूचे व्यवस्थापन, एखाद्या भाषेच्या निर्मात्याशी गप्पा, सुरक्षेतल्या भानगडी हे कानाला मानवणारे विषय. सिंटॅक्स समजावणे, दोष कसा शोधावा हे ओळीओळीने दाखवणे यांच्या वाटेला कुणी फारसे गेले नाही. जे गेले त्यांना ‘कंस उघडा, कंस बंद करा’ असे बोलण्याची पाळी आली.

गिब्सनने सुरुवातीपासून दोन गोष्टी स्वखर्चाने केल्या. प्रत्येक भागाचे शब्दशः लिखित रूप तो आपल्या साइटवर ठेवू लागला, आणि नेहमीच्या फाइलबरोबर १६ किलोबिटची, खरखरीत पण छोटी फाइलही देऊ लागला. दोन्हींमागे एकच हिशेब होता. तासाभराच्या बोलण्यात सुमारे ९,००० शब्द असतात. ६४ किलोबिटवर त्यांची फाइल २९ एमबीच्या आसपास जाते आणि ५६ किलोबिटच्या मोडेमवर ती उतरायला तासाहून अधिक वेळ लागतो. तेच शब्द लिहिले तर ५०-६० केबीत मावतात आणि शोधताही येतात. जुना संदर्भ हवा असला की त्याचे नेमाने ऐकणारे श्रोतेसुद्धा ध्वनीकडे न जाता लिखित प्रतीकडे वळत.

दोन माध्यमांचा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो २००८ मध्ये. स्पोल्स्की आणि ‘कोडिंग हॉरर’चा लेखक जेफ अ‍ॅटवुड हे दोघेही नावाजलेले ब्लॉगलेखक. प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांची साइट काढायचे त्यांनी ठरवले. एक न्यूयॉर्कला, दुसरा कॅलिफोर्नियात. दर आठवड्याला फोनवर चर्चा होणारच होती. ती रेकॉर्ड करून एप्रिलपासून पॉडकास्ट म्हणून सोडायला त्यांनी सुरुवात केली. साइट सप्टेंबरमध्ये सर्वांसाठी खुली झाली, म्हणजे पॉडकास्ट आधी आणि वस्तू नंतर. साइटचे ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हे नावही अ‍ॅटवुडच्या ब्लॉगवर वाचकांचे मतदान घेऊन ठरले होते. श्रोत्यांनी आपले प्रश्न दीड मिनिटाच्या आत रेकॉर्ड करून पाठवावेत अशी सोय होती. प्रत्येक भागाचे लिखित रूप कुणालाही संपादित करता येईल अशा विकीवर श्रोतेच मिळून तयार करत. दोघा उत्तम लेखकांनी बोलायचे ठरवले आणि त्यांच्या श्रोत्यांनी ते बोलणे पुन्हा लिहून काढले.

या पॉडकास्टमुळे उद्भवलेला एक वाद मुद्दाम पाहण्याजोगा आहे. २००९ च्या आरंभी एका भागात स्पोल्स्कीने रॉबर्ट मार्टिन याच्या ‘सॉलिड’ या रचना-तत्त्वांवर आणि चाचण्यांच्या अतिरेकावर बोलता बोलता तोंडसुख घेतले. कानाला ते दोन मित्रांच्या गप्पांतले शेरे वाटत होते. लिखित रूपात मात्र ते रोखठोक आरोप होऊन बसले. मार्टिनने आपल्या ब्लॉगवर जाहीर पत्र लिहून उत्तर दिले, इतरांनीही बाजू घेऊन लेख लिहिले, आणि काही दिवसांतच मार्टिनला त्याच पॉडकास्टवर पाहुणा म्हणून बोलावण्यात आले. समोरासमोर बोलताना दोघांच्या म्हणण्यातले अंतर बरेच कमी निघाले. आवाजात सूर असतो, हसू असते, ‘म्हणजे बघ’ म्हणून घेतलेली माघार असते. शब्द कागदावर उतरले की हे सगळे गळून जाते आणि विधान तेवढे उरते. त्याच्या उलट, मार्टिनच्या मुद्द्यांची नीट उतरंड पाहायची तर आजही त्याचे पत्रच वाचावे लागते.

स्टॅक ओव्हरफ्लो चालू लागल्यावर ब्लॉगचे एक मोठे काम त्याने काढून घेतले. ‘अमुक त्रुटी आली तर काय करावे’ अशा टिपणांवर शेकडो ब्लॉग जगत होते. ती उत्तरे आता एका जागी मिळू लागली. मार्च २०१० मध्ये ब्लॉगची दहा वर्षे पुरी होताना स्पोल्स्कीने नियमित लेखन थांबवत असल्याचे जाहीर केले. १ जुलै २०१३ रोजी आरएसएसमधून आलेले लेख एका जागी वाचण्याची गूगल रीडर ही सेवा बंद झाल्यावर छोट्या ब्लॉगांचा नेहमीचा वाचक पांगला. पॉडकास्टला ही झळ लागली नाही. आरएसएसवर दोघेही अवलंबून होते, पण ऐकणाऱ्यांजवळ स्वतंत्र अ‍ॅप होती.

पैशाचे गणितही याच सुमारास फिरले. ब्लॉगवरच्या जाहिराती पुसून टाकणारी साधने सर्वांत आधी वापरली ती प्रोग्रॅमरांनीच. पॉडकास्टमध्ये निवेदक स्वतःच्या तोंडाने वाचतो ती जाहिरात पुसता येत नाही. जॉन सिराक्युसाचा प्रवास या वळणावरचा नेमका नमुना आहे. पेशाने वेब प्रोग्रॅमर असलेला हा गृहस्थ १९९९ पासून ‘आर्स टेक्निका’साठी मॅकच्या प्रत्येक नव्या प्रणालीची पुस्तकाएवढी समीक्षा लिहीत असे. २०१४ च्या योसेमिटीनंतर त्याने ते काम सोडले. तोपर्यंत तो मार्को आर्मेंट आणि केसी लिस यांच्याबरोबर ‘अ‍ॅक्सिडेंटल टेक पॉडकास्ट’ दर आठवड्याला करू लागला होता. आर्मेंटचेही तसेच. २००८ मध्ये त्याने वेबवरचे लेख नंतर वाचण्यासाठी जपून ठेवणारे ‘इन्स्टापेपर’ बनवले, २०१३ मध्ये ते विकले, आणि २०१४ मध्ये ‘ओव्हरकास्ट’ हे ऐकण्याचे अ‍ॅप काढले. त्यात बोलण्यामधल्या रिकाम्या जागा आपोआप आखडत्या घेण्याची सोय होती. बोलण्याचा संथपणा ही या माध्यमाची जुनी तक्रार. तिच्यावर त्याने कोडनेच तोड काढली.

कोड दाखवत बोलण्याची तिसरी वाट रायन बेट्सच्या ‘रेल्सकास्ट्स’ने २००७ पासून घालून दिली होती. पडद्यावर टाइप होणारा कोड आणि मागे शांत आवाज, दहा-बारा मिनिटांत एकच विषय. पुढे यूट्यूबवरच्या शिकवण्या याच वाटेने गेल्या आणि शिकवण्याचे काम लेख व पॉडकास्ट दोघांकडूनही बरेचसे निसटले.

भारतात हा क्रम थोडा उशिराने आणि वेगळ्या कारणांनी घडला. २००४ च्या धोरणात सरकारने २५६ किलोबिटला ब्रॉडबँड ठरवले, आणि सुरुवातीच्या योजनांत महिन्याला मोजून-मापून डेटा मिळे. तासाभराच्या पॉडकास्टमागे २९ एमबी खर्च करणे पुण्या-बंगळुरूच्या नोकरदार प्रोग्रॅमरलाही जिवावर येई. लेख तेवढा कचेरीत वाचून होत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर ही अट उरली नाही आणि हिंजवडीच्या कोंडीत अडकलेल्या बसमध्ये काय ऐकावे हा खरा प्रश्न झाला.

मराठीत लिहिणाऱ्याची अडचण आणखी वेगळी होती. पुण्याच्या सीडॅकने देवनागरी संगणकावर आणली, विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी घरोघरी आली, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे मजकूर ज्या-त्या फाँटात अडकलेला असे आणि शोधयंत्राला सापडत नसे. शिवाय प्रोग्रॅमिंगवरच्या मराठी लेखात दर दुसऱ्या शब्दाला लिपीचा निर्णय घ्यावा लागतो: ‘फंक्शन’ देवनागरीत लिहायचे, मग त्याच्यापुढचे रोमन नाव तसेच ठेवायचे का, आणि ओळीच्या मधोमध कोड आला तर काय. बोलताना यातले काहीच आड येत नाही. ‘हे फंक्शन कॉल करून बघ, व्हॅल्यू नल येतेय का’ हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही चमूत दिवसातून अनेकदा उच्चारले जाते आणि कुणाला ते मिश्र वाटत नाही. म्हणून मराठीतून संगणक शिकवणाऱ्यांना लेखापेक्षा आवाज आणि व्हिडिओ सोपे गेले.

सप्टेंबर २०२२ मध्ये ओपनएआयने ‘व्हिस्पर’ हा बोलणे लिहून काढणारा प्रोग्रॅम खुला केला, आणि गिब्सन ज्यासाठी पैसे मोजत होता, स्टॅक ओव्हरफ्लोचे श्रोते ज्यासाठी रात्री घालवत होते, ते काम घरच्या संगणकावर फुकट होऊ लागले. मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलने आपल्या पॉडकास्ट अ‍ॅपमध्येच लिखित रूप दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगलच्या ‘नोटबुकएलएम’मध्ये उलटी सोय आली: कोणताही लेख द्यावा आणि दोन कृत्रिम आवाजांतली गप्पांची फाइल घ्यावी. दोन्ही बाजूंच्या रूपांतरात अजून खोट राहते ती कोडच्या ठिकाणी. ऐकून लिहिणारे यंत्र फंक्शनचे नाव साध्या इंग्रजी शब्दांत फोडून टाकते, आणि लेखाच्या गप्पा करणारे यंत्र कोडचा तुकडा आला की त्याचे वर्णन करून पुढे जाते.